फूट की मीटर? डी अँड डी टेबलावरच्या मोजमापांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा गेम. नवीन ग्रुप बसला की दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या सेशनला हा वाद निघतोच. कुणीतरी विचारतं "गॉब्लिन किती लांब आहे", डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) म्हणतो साठ फूट, एकजण मनातल्या मनात मीटर करतो, दुसरा म्हणतो एवढ्या जागेत बस मावते, आणि गॉब्लिन बिचारा तसाच उभा. तेच तेच उत्तर चॅटवर परत परत टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आकडे मुख्यतः पाचव्या एडिशनचे आहेत, दुसरं काही असेल तिथे तसं लिहिलंय.

रूलबुकात फूट लिहिलंय ना, मग प्रश्न कुठून आला?

लिहिलंय, कारण गेम अमेरिकन. १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा, आणि अमेरिकेत रोजच्या वापरात आजही फूट-पौंडच चालतात. आपल्याकडे मेट्रिक कायद्याने आलं १९५६ च्या सुमारास, आणि आता किलो-किलोमीटर सोडून कुणी बोलत नाही. पण उंची विचारा, "पाच फूट सात" असंच उत्तर येतं. फ्लॅट स्क्वेअर फुटात, सोनं तोळ्यात, जमीन गुंठ्यात, कापड मीटरमध्ये, ताप फॅरनहाइटमध्ये. म्हणजे आपण आधीच खिचडी आहोत. माझं मत विचाराल तर टेबलावरही तीच खिचडी चालवायची, त्याबद्दल खाली येतोच.

जुन्या पुस्तकांत स्पेलची (जादूच्या मंत्राची) रेंज इंचात का दिसते? बारा इंचांवर फायरबॉल?

हे वाचून मीही हसलो होतो. गेमचा जन्म वॉरगेममधून झाला, टेबलावर छोटे सैनिक मांडून टेपने अंतर मोजायचे, त्यामुळे पुस्तकातला इंच म्हणजे टेबलावरचा इंच. खरी गंमत पुढे आहे. डंजनमध्ये एक इंच म्हणजे दहा फूट आणि उघड्यावर एक इंच म्हणजे दहा यार्ड, म्हणजे तोच जादूगार गुहेतून बाहेर मैदानात आला की त्याची रेंज सरळ तिप्पट. ॲडव्हान्स्ड एडिशनमध्ये मग वेगळं सांगावं लागलं की बाबांनो रेंज वाढते पण स्फोटाचा आकार बाहेरही फुटातच धरायचा, नाहीतर अर्धं गाव जळेल. पुढे २००० सालच्या तिसऱ्या एडिशनपासून नकाशावरचा एक चौकोन म्हणजे पाच फूट हे पक्कं झालं, २००८ च्या चौथीने तर फूट काढून थेट चौकोनच मोजायला लावले, लोकांनी बोर्डगेम बोर्डगेम म्हणून बोंब मारली, आणि २०१४ ला पाचवी आली ती परत फूट घेऊनच. मला विचाराल तर त्या बाबतीत चौथी एडिशन बरोबर होती, पण ते जाऊदे.

पाच फूट म्हणजे १.५२४ मीटर. मग दीड मीटर धरणं चूक नाही का?

चूक आहे, दीड टक्क्याची. तीस फूट खरे ९.१४ मीटर, आपण नऊ धरतो, चौदा सेंटिमीटर गेले. लढाईच्या सहा सेकंदांच्या राऊंडमध्ये (एका फेरीत) तलवार घेऊन पळणाऱ्या माणसाचे चौदा सेंटिमीटर कोण मोजतंय? एकच लक्षात ठेवा: फूट बदलायचा नाही, चौकोन बदलायचा. एक चौकोन म्हणजे पाच फूट म्हणजे दीड मीटर, संपलं. सगळं त्याच हिशोबाने केलं की आतल्या आत जुळतं: तीस फूट नऊ, साठ फूट अठरा, एकशेवीस फूट छत्तीस. कॅल्क्युलेटर काढून ३६.५७६ सांगणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला चहा करायला पाठवा.

आणि "दीडने मोजायला अवघड जातं" असं म्हणणाऱ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. जुन्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घ्यायचे. बे दिडे तीन. माझे आजोबा एकदा शेजारी पेपर वाचत बसले होते, आम्ही मिनी (कॅरेक्टरचे छोटे पुतळे) सरकवत दीड, तीन, साडेचार असं अडखळत मोजत होतो, त्यांनी पेपर खाली न घेता पुढचं सगळं म्हणून टाकलं, सहा, साडेसात, नऊ, साडेदहा, बारा. आम्ही अजून साडेचारवरच.

बाकीच्या देशांत काय करतात?

फ्रेंच, जर्मन, इटालियन भाषांतरांत हाच दीड मीटरचा चौकोन आहे. फ्रेंच फायरबॉलची त्रिज्या सहा मीटर आणि रेंज पंचेचाळीस. मूळ पुस्तकात वीस आणि एकशेपन्नास फूट, म्हणजे तोच हिशोब.

मला जास्त आवडतो तो जर्मनांचा स्वतःचा गेम, १९८४ चा 'दास श्वार्त्से आउगं'. त्यांना मीटर हवाच होता पण पुस्तकात मीटर लिहिलं की जादूची दुनिया भूमितीच्या पेपरासारखी वाटते. मग त्यांनी काय केलं, मीटरला 'पाऊल' म्हटलं, किलोला 'दगड', आणि हजार पावलांचा एक 'मैल', म्हणजे चक्क किलोमीटर. वरून सगळं जुनंपानं, आतून चोख मेट्रिक. इतकी साधी आयडिया इतरांना का सुचली नाही कळत नाही. स्वीडनचे लोक एवढंही करत नाहीत, त्यांच्या ड्रॅगनबेनमध्ये सरळ मीटर लिहिलंय आणि चौकोन दोन मीटरचा. फॉरबिडन लँड्सच्या नकाशावरचा प्रत्येक षटकोन दहा किलोमीटरचा. ब्रिटिश वॉरहॅमर फँटसी मात्र यार्डात. यार्ड आणि मीटरमध्ये फरक नऊ सेंटिमीटरचा, तिथे यार्ड दिसला की डोळे मिटून मीटर वाचा.

मला तीस फूट डोळ्यासमोर येतच नाही. काही उपाय?

क्रिकेटचं पिच. सहासष्ट फूट, स्टंप ते स्टंप, प्रत्येक मराठी माणसाला हे अंतर झोपेतही दिसतं. तुमच्या कॅरेक्टरची एका टर्नची तीस फुटांची चाल म्हणजे अर्ध्या पिचला थोडी कमी. डॅश केलात (वार सोडून नुसतं पळालात) तर साठ फूट, म्हणजे क्रीज ते क्रीज जे अठ्ठावन्न फूट असतं तेवढं, एक रन. एक रन सहा सेकंदात! बरा रनर तीन सेकंदात काढतो. तेव्हा "माझा फायटर एवढाच कसा पळतो" ही तक्रार अगदी रास्त आहे, पण तो पळता पळता भाले चुकवतोय असं समजा.

शॉर्टबोची साधी रेंज ऐंशी फूट, पिचपेक्षा थोडी जास्त. लाँगबोची एकशेपन्नास, म्हणजे पंचेचाळीस मीटर, स्ट्राइकरने स्टंपजवळ उभं राहून मारलेला बाण बाउंड्रीपर्यंतसुद्धा जात नाही. त्यापुढे सहाशे फुटांपर्यंत जातो पण डिसॲडव्हान्टेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा).

घरातलं माप हवं असेल तर दहा बाय दहाची बेडरूम. म्हणजे दोन बाय दोन, फक्त चार चौकोन. कपाट आणि पलंग काढून टाका, त्यात दोन ऑर्क आणि तुमचे दोन प्लेयर भरा, आणि मग मला सांगा की दहा बाय दहाच्या खोलीत ड्रॅगन का नको.

फायरबॉल नक्की केवढा?

वीस फूट त्रिज्या. ऐकायला काही वाटत नाही. पण जमिनीवरचं वर्तुळ काढलंत तर क्षेत्रफळ साधारण साडेबाराशे स्क्वेअर फूट येतं, आणि आपला एक गुंठा असतो १०८९ स्क्वेअर फुटांचा. म्हणजे एका फायरबॉलमध्ये अख्खा गुंठा जळून वर थोडं बांधावरचंही जातं. हे एकदा सांगितलं की कुणी "मी फक्त त्या एकट्या गॉब्लिनवर टाकतो" म्हणत नाही.

पहिल्या ॲडव्हान्स्ड एडिशनमध्ये तर तो आकारमान भरायचा. तेहतीस हजार घनफूट, जागा कमी असेल तर आग बोळातून पसरत परत तुमच्याकडे. दहा बाय दहाच्या बोळात ते तीनशेतीस फूट लांब होतं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकशेपासष्ट. कित्येक पार्ट्या (खेळाडूंच्या टोळ्या) शत्रूने नाही, गणिताने मारल्या.

उडीचा नियम कसा बदलायचा? आमच्याकडे यावरून भांडण झालंय.

आमच्याकडेही. आणि चूक माझी होती, तेव्हा नीट सांगतो. नियम असा की दहा फूट पळत येऊन लांब उडी मारलीत तर तुमचा स्ट्रेंग्थचा (ताकदीचा) आकडा जितका तितके फूट. सोळा स्ट्रेंग्थ, सोळा फूट. त्या दिवशी मी डीएम होतो आणि रात्री जागून नोट्स काढताना उगाच हुशारी करून सगळं मीटरमध्ये लिहिलं होतं. दरी, पाच मीटर रुंद, अठरा मीटर खोल. आमचा बार्बेरियन, सोळा स्ट्रेंग्थ, म्हणाला पाच मीटर म्हणजे पंधरा फूट, आरामात जातो, आणि मी पुढचा विचार न करता "मार" म्हटलं. तो उडी मारल्यावर ऑलरेडी हवेत असताना मी फोनवर काढलं तर पाच मीटर म्हणजे १६.४ फूट. पाच इंच कमी पडला. पाच इंचांसाठी सहा डी सिक्स, म्हणजे सहा बाजूंच्या सहा फाशांची इजा. अर्धा तास कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, एकजण म्हणतोय तीन फूट म्हणजे एक मीटर हे सगळ्यांना माहितीये, दुसरा म्हणतोय मग अठरा मीटर खोली पण तशीच धर म्हणजे चोपन्न फूट, पाचच फासे. शेवटी त्याला कडा पकडायला डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईवर फासा टाकून वाचायची संधी) दिला आणि तो लटकला, पण मूड गेला तो गेलाच.

आता आमच्याकडे दरी नेहमी चौकोनात सांगतात. तीन चौकोन. पाच मीटर तसंही दीडच्या पाढ्यात बसतच नाही, ते तिथेच मला दिसायला हवं होतं. मीटरमध्येच खेळायचं असेल तर स्ट्रेंग्थच्या एका पॉइंटला तीस सेंटिमीटर, सोळाचे ४.८ मीटर, आणि हे कॅरेक्टर शीटवर आधीच लिहून ठेवा, हवेत असताना नको.

उंचावरून पडलं तर?

दर दहा फुटांना एक डी सिक्स, जास्तीत जास्त वीस फासे. दहा फूट म्हणजे तीन मीटर म्हणजे बिल्डिंगचा साधारण एक मजला. किती मजले पडलास, तेवढे फासे उचल. हा प्रश्न इथेच मिटतो.

वजनाचं काय? पौंड अर्धा किलो धरायचा?

धरा, पण दोन्हीकडे धरा. खरा पौंड ४५४ ग्रॅम, अर्धा किलो धरला तर दहा टक्के वाढतो. उचलायची क्षमता स्ट्रेंग्थ गुणिले पंधरा पौंड, तिची झाली साडेसात किलो. सोळा स्ट्रेंग्थला एकशेवीस किलो. सामानाचंही वजन त्याच हिशोबाने अर्धं केलंत तर चूक दोन्ही बाजूंना सारखी, काटा जुळतो. गडबड कधी होते, तर क्षमता अर्ध्याने धरायची आणि सामानाचं वजन इंटरनेटवरून खरं काढायचं, मग फुकटात अकरा किलो जास्त उचलता येतात. आमच्या रोगने (चोराच्या कॅरेक्टरने) हे तीन सेशन चालवलं, पकडल्यावर म्हणे मी रोगच आहे.

प्लेट आर्मर पासष्ट पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो. घरचा भरलेला गॅस सिलिंडर टाकीसकट जवळपास तेवढाच. तो अंगावर बांधून जिना चढायचा आहे. लाँगस्वोर्ड मात्र फक्त तीन पौंड, दीड किलोच्या आत. सिनेमा बघून लोकांना तलवार दहा किलोची वाटते.

आणि नाणी? दहा हजार मोहरा कॅरेक्टरच्या खिशात कशा?

पन्नास नाण्यांचा एक पौंड, म्हणजे एक नाणं नऊ ग्रॅमचं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, तेव्हा नाणं झालं पाऊण तोळ्याच्या आसपास. (हल्ली सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तो वेगळा विषय.) दहा हजार नाणी म्हणजे दोनशे पौंड, नव्वद किलो. खिशात नाही, बैलगाडीत. जुन्या ॲडव्हान्स्ड एडिशनमध्ये तर दहाच नाण्यांचा पौंड होता, म्हणजे तीच रक्कम साडेचारशे किलो, खजिना सापडल्यावर खरा गेम सुरू व्हायचा. प्लेट आर्मरची किंमत दीड हजार मोहरा, साडेतेरा किलो सोनं. लग्नसराईत हे वाक्य घरी बोलू नका.

लांबचा प्रवास मैलात की किलोमीटरमध्ये?

किलोमीटर, इथे मी अजिबात ऐकणार नाही. मैल आपल्याला दिसत नाही. साध्या चालीने दिवसाला चोवीस मैल, म्हणजे साधारण ३९ किलोमीटर, घाईत तीस मैल, जपून अठरा. वारीला गेलेल्यांना विचारा, पुणे ते सासवड दिवे घाट चढून जातात तो दिवस तीस किलोमीटरच्या वर जातो आणि संध्याकाळी पायांची काय अवस्था असते. तुमची पार्टी रोज त्याहून जास्त चालते, वर आर्मर, वर रात्री पहारा.

एक मजा सांगतो. कोस जागोजागी वेगळा असायचा पण साधारण दोन मैलांचा धरला, तर चोवीस मैल म्हणजे बरोब्बर बारा कोस. आणि बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतोच. म्हणजे रूलबुकाच्या हिशोबाने रोज संध्याकाळी पार्टी पोचते त्या गावची बोली वेगळी. मी हे आमच्या कॅम्पेनमध्ये खरंच वापरतो, दर मुक्कामाला सराईवाल्याचा हेल बदलतो. मालवणी मला जमत नाही, बाकी ठीक.

"मीटर" म्हटलं की मध्ययुगीन फील जातो, हे खरं का?

अर्धं खरं. मीटर फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला, १७९० च्या दशकातला, त्यामुळे एल्फच्या तोंडी तो विचित्र वाटतो हे मान्य. पण आजचा फूटही काही जुना नाही, ३०.४८ सेंटिमीटरवर तो १९५९ साली देशादेशांनी बसून पक्का केला, म्हणजे आजच्या फुटाची व्याख्याच मीटरवर टेकलेली आहे. जुन्या काळी तर फूट गावागणिक वेगळा असायचा. शिवाय इंग्रजाला फूट शब्दात पाऊल ऐकू येतं, आपल्याला मराठीत काय ऐकू येतं? बिल्डर.

म्हणून माझा नियम: नियम वाचताना फूट नाहीतर चौकोन, आणि गोष्ट सांगताना दोन्ही नाही. म्हातारी जादूगारीण "चाळीस फुटांवर विहीर आहे" कशाला म्हणेल, ती म्हणेल वडाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर.

मग थेट हात, वीत, कोस, पायली, मण वापरले तर?

सह्याद्रीतलं होमब्रू (स्वतः रचलेली दुनिया) चालवत असाल तर चवीपुरते वापरा. वीत म्हणजे नऊ इंच, हात म्हणजे दीड फूट, विहिरीची खोली परसात (परस म्हणजे पुरुषभर खोली). बाण "शंभर हातांवर" गेला, मस्त वाटतं. पण हाताने चौकोन मोजायला जाऊ नका, पाचाला दीडने भागा म्हणजे कळेल का ते. मणाच्या तर वाटेला जाऊच नका, तो गावोगाव बदलायचा, आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणाच्या तरी काकांचा धान्याचा धंदा निघतो आणि सेशन तिथेच संपतं.

अंतर मोजायचंच नसेल तर?

मग मोजू नका, ग्रिडशिवायही चांगला गेम होतो. आम्ही चार शब्द ठरवलेत: हाताशी, टप्प्यात, हाकेवर, नजरेच्या टोकाला. हाताशी म्हणजे तलवार लागते. टप्प्यात म्हणजे एका चालीत पोचता. हाकेवर म्हणजे धनुष्य नाहीतर डॅश. नजरेच्या टोकाला म्हणजे पळायला अजून वेळ आहे.

बॅटलमॅप अडीच सेंटिमीटरच्या चौकोनांचा काढला तर मिनी बसतात का?

बसतात. मध्यम आकाराच्या मिनीचा बेस बहुतेक २५ मिलिमीटरचाच असतो. इंच २५.४, वीस चौकोनांमागे फक्त आठ मिलिमीटरचा फरक. मात्र अर्धा नकाशा इंचात प्रिंट केलेला आणि अर्धा पट्टीने अडीच सेंटिमीटरवर काढलेला असेल तर जोडताना भिंती सरकतात. प्रिंट करताना शंभर टक्के साइज ठेवा, पानात बसवा हा पर्याय काढून टाका. ए फोरवर इंचाचे आठ बाय अकरा चौकोन मावतात. आणि झेरॉक्सवाल्याला सांगूनही तो पानात बसवूनच देतो, तेव्हा पट्टी घेऊन जा.

ऑनलाइन खेळतो. सेटिंग कुठे असतं?

रोल ट्वेंटीमध्ये पानाच्या सेटिंगमध्ये एक चौकोन म्हणजे किती आणि कुठलं युनिट ते बदलता येतं, पाच फुटांच्या जागी १.५ आणि मीटर टाका. फाउंड्रीत सीनच्या ग्रिडमध्ये तेच. पण स्पेलचं वर्णन फुटातच राहिलं आणि पट्टी मीटर दाखवायला लागली तर आगीतून फुफाट्यात, तेव्हा करायचं तर दोन्ही करा.

शेवटी तुमच्या टेबलावर काय चालतं ते सांगा ना सरळ.

लढाईत फूट आणि चौकोन, कारण उंची आणि खोली आपण फुटातच बघतो आणि पुस्तकही फुटातच आहे. ओझं किलोत. प्रवास किलोमीटरमध्ये. सोनं तोळ्यात, मजा म्हणून. वाचणाऱ्या परदेशी मित्राला वेड लागेल, पण आमच्याकडे वर्षभरात एकदाही कुणी "म्हणजे किती?" विचारलेलं नाही.

तापमानाचं राहिलं की! पुस्तकात शंभर डिग्री लिहिलंय.

फॅरनहाइट आहे, घाबरू नका, पाणी उकळत नाहीये. शंभर म्हणजे जवळपास ३८ सेल्सियस. २०१४ च्या नियमात त्यापुढे प्यायला पाणी नसेल तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तब्येतीवर फासा), पहिल्या तासाला गाठायचा आकडा पाच, मग एकेकाने वाढत जातो, हुकला की एक लेव्हल एक्झॉशन (थकवा). मी हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातली चंद्रपूरची एकजण म्हणाली, "अडतीसला? अडतीसला आमच्याकडे पोरं क्रिकेट खेळतात." तिच्या कॅरेक्टरला तेव्हापासून आम्ही त्रेचाळीसच्या खाली सेव्हच मागत नाही.